आधी भिंत, मग चावी

हौसाआक्का कोणाच्याही घरी गेल्या तरी आधी बसत नसत. घरातल्या बाईने सतरंजी अंथरलेली असे, चुलीवर आधण चढलेले असे, आणि आक्का उंबऱ्याबाहेर उभ्या राहून विचारीत, "आधी पोरं कुठं खेळत्यात ते दाखवा, मग च्या." मग त्या घराला वळसा घालून मागे जात. उघडे गटार, लोंबणारी तार, झाकण नसलेली टाकी, असे काही दिसले की तिथे थांबत आणि घरमालकाकडे न पाहता आमच्याकडे, म्हणजे बरोबर आलेल्या नगरसेवकांकडे, पाहत. त्यांच्याबरोबर फिरताना मला पुष्कळदा गार झालेला चहा प्यावा लागला आहे.

कोल्हापूरच्या पंचक्रोशीतल्या एका लहान नगरपालिकेत मी त्या काळी नगरसेवक होतो. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. नव्वदचे दशक संपत आले होते. मी तिशीतला, नव्याने वकिली करणारा, सुशिक्षित म्हणून उभा केलेला आणि सुशिक्षित म्हणूनच निवडून आलेला. बायकांसाठी जागा राखीव झाल्यामुळे आक्का आल्या होत्या. त्या वाकळा शिवून पोट भरीत. माहेर चंदगडकडचे, सासर आमच्या गावचे. सासऱ्यांनी छप्पन साली धम्म स्वीकारलेला. नवरा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता आणि लवकर गेला होता. सभागृहातल्या बाकीच्या नगरसेविकांच्या शेजारी त्यांचे यजमान किंवा दीर बसत आणि खालच्या आवाजात काय बोलायचे ते सांगत. आक्कांच्या शेजारी कोणी नसे. त्यांना काही सांगायची कोणाची छातीही नव्हती.

त्यांचा आवाज खणखणीत. कानात सांगायची गोष्टसुद्धा चौकात सांगितल्यासारखी येई. माझा आवाज लहानपणापासूनच बारीक. पहिल्या सभेत मी पाणीपट्टीवर बोललो, तेव्हा खाली बसताच त्या म्हणाल्या, "वकील, तुम्ही बोलत हुता का फुंकर घालत हुता?" सभागृह हसले, मीही हसलो. पुढे वर्षानुवर्षे त्यांनी मला 'वकील' याच नावाने हाक मारली. त्यांच्या तोंडी या शब्दात थोडी थट्टा असे आणि थोडा विश्वासही असे. थट्टा मला कळत होती. विश्वास किती होता, ते फार उशिरा कळले.

गणेशोत्सवाआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक भरे. मंडळांचे अध्यक्ष, तालमींचे वस्ताद, सगळ्या समाजांचे प्रतिष्ठित आणि आम्ही नगरसेवक असे सगळे जमत. प्रत्येकजण उठून एकच भाषण करी, की आपल्या गावात कधी दंगल झाली नाही, हे गाव सलोख्याचे आहे. त्या वर्षी आक्का उठल्या आणि म्हणाल्या, "दंगल न्हाय झाली, चांगलं हाय. पण टाकीपासनं वड्याच्या वस्तीपतोर रस्त्याला एक दिवा न्हाय. कामावरनं येणाऱ्या बायका दिवस बुडला की जीव मुठीत धरून पळत्यात. मग ही शांतता कुणाची म्हणायची, सायेब?"

फौजदार हसून म्हणाले, "आक्का, आज गणपतीचा विषय हाय."

"व्हय की. मग गणपतीच्या माळंतलं चार बल्ब आमच्या रस्त्याला लावा. देवाला काय अंधाराचं भ्या हाय?"

एका तालमीच्या पोरांनी ते मनावर घेतले आणि खरोखरच ओढ्याच्या रस्त्यावर दिव्यांची माळ ओढली. दहा दिवस रस्ता लखलखला. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मंडपवाला माळ काढून घेऊन गेला. आक्का मला म्हणाल्या, "वकील, आमच्या बायका दहा दिवस सुरक्षित हुत्या. आता पुढल्या साली." त्यांना हसू आवरत नव्हते, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. पाठपुरावा करून खांब बसवून घेईपर्यंत त्यांनी कोणत्याही मंडळाचा सत्कार घेतला नाही.

त्या ओढ्याकाठच्या वस्तीसाठी आणि सफाई कामगारांसाठी नगरपालिकेने घरकुले बांधायला घेतली होती. जागा मिळाली ती गावाच्या टोकाला, जुन्या खणीच्या काठावर. आमच्या भागात दगड काढून सोडून दिलेल्या अशा खणी ठिकठिकाणी आहेत. उन्हाळ्यात तळाशी हिरवे पाणी, पावसाळ्यात काठोकाठ. कडा तासलेल्या, धरायला काही नाही. आराखड्यात घरे आणि खण यांच्यामध्ये दगडी भिंत होती. घरे उभी राहिली, भिंतीचा मात्र पायाही खणला गेला नाही. आक्का दर आठवड्याला तिकडे चालत जात आणि आल्या की कोणाही अधिकाऱ्याच्या टेबलासमोर उभ्या राहून एवढेच म्हणत, "आधी भिंत, मग चावी."

हे वाक्य आम्हाला नकोसे झाले होते. आणखी नकोसे झाले होते ते ज्यांना चावी मिळायची होती त्यांना. सदा नावाचा सफाई खात्यातला एक तरणा कामगार होता. त्याची बायको मंगल हिचे दिवस भरत आले होते आणि ओढ्याचे पाणी दर पावसाळ्यात त्याच्या खोपटात शिरे. एकदा आक्कांच्या दारातच त्याने त्यांना गाठले. मी तिथे होतो.

"आक्का, घर तयार हाय, रंग लागलाय, आन् तुम्ही अडवून बसलाय. भिंत काय खायचीया आमास्नी?"

"पोरं व्हतील, खेळतील, तवा कळंल तुला भिंत काय करायची ती."

"तवाचं तवा बघू. आता डोस्क्यावर पत्रा तर येऊ द्या. आमच्या माणसानंच आमचा पाय वढायचा व्हय?"

हा शेवटचा शब्द आक्कांना लागला. हातातली वाकळ त्यांनी उलटी केली आणि खालच्या बाजूचे टाके बोटाने चाचपत बसल्या. सदा गेल्यावर म्हणाल्या, "त्येचं खोटं न्हाय, वकील. त्येच्या घरात पाणी हाय आन् मी त्येला उद्याच्या पाण्याचं भ्या घालतीया. पण म्हणून मी गप बसू व्हय?"

लोकसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता तोंडावर आली. चाव्यांचे वाटप मोठ्या पुढाऱ्याच्या हस्ते व्हायचे ठरले आणि पुढारी यायचे म्हटल्यावर वसाहतीला स्वागत कमान हवी, अशी आमच्या गटाचे नेते आबासाहेब यांची इच्छा झाली. भिंतीसाठी ठेवलेला निधी कमानीकडे वळवावा आणि भिंत पुढच्या वर्षी घ्यावी, असा विषय सभेपुढे आला. आक्कांनी आठवडाभर आधीच सांगून टाकले होते, "कमानीखालनं आत जायचं आन् खणीत भाईर पडायचं, असली वसाहत मी होऊ देणार न्हाय. सभेत बोलणार. मत बी घ्यायला लावणार." मत घेतले असते, तर विरोधी गट आक्कांच्या बाजूने गेला असता आणि आमच्यातलेही दोघे-तिघे डळमळले असते. विषय पडायची खरी शक्यता होती.

सभेच्या दिवशी नगराध्यक्ष दौऱ्यावर होते. उपनगराध्यक्षांची प्रकृती एकाएकी बिघडली होती. अशा वेळी सदस्यांमधून एकाला त्या सभेपुरते अध्यक्ष निवडतात. सभागृहाच्या दारात आबासाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आज आक्कास्नी मान द्यायचा. त्यांच्या समाजाची बाई त्या खुर्चीत कधी बसली न्हाय. मी नाव सुचवतो, तुम्ही अनुमोदन द्या. तुमच्या तोंडनं शोभंल."

मान आजच का, हे मी विचारले नाही. मनात आले होते आणि मी ते बाजूला सारले. तसे करणे अवघड नव्हते, कारण ही गोष्ट खरोखरच चांगली होती. मी उठलो, चार वाक्ये बोललो, समता आणि लोकशाही हे शब्द वापरले. टाळ्यांचा कडकडाट झाला. विरोधकांनाही टाळ्या वाजवाव्या लागल्या. आक्का गोंधळल्या, मग त्यांनी पदर सारखा केला, चष्मा पुसला आणि त्या वर जाऊन बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जो आनंद होता, तो मी पाहिला आहे. प्रेक्षकांच्या बाकावर त्यांच्या वस्तीतल्या दोन म्हाताऱ्या होत्या. त्यातली एक रडत होती.

कमानीचा विषय आला. आबासाहेबांनी तो मांडला आणि ते बसले. आक्का खुर्चीत पुढे सरकल्या, तोंड उघडले आणि थांबल्या. आपण आता बाकावर नाही, हे त्यांच्या ध्यानात आले असावे. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"वकील, हितनं मला बोलता येतंय का?"

कायद्याने येत होते. अध्यक्षस्थानी बसलेल्या सदस्याला बोलण्याचीही मुभा होती आणि मताचीही. एवढेच की अध्यक्षाने चर्चेत उतरू नये, तटस्थ राहावे, असा आमच्या सभागृहाचा संकेत होता. मी उभा राहिलो. समोर आबासाहेब मान न वळवता बसले होते. मी म्हणालो, "आक्का, अध्यक्षांनी चर्चेत भाग घेऊ नये, असा संकेत आहे."

मी एकही खोटा शब्द उच्चारला नाही. संकेत आहे, पण तो मोडता येतो, हे दुसरे वाक्य मात्र माझ्या तोंडातच राहिले. त्या दिवशी माझा आवाज नेहमीपेक्षा स्पष्ट आला, असे नंतर कोणीतरी मला सांगितले.

आक्कांनी मान हलवली. मग त्यांनी सभागृहाला विचारले, "कुणाचा विरोध हाय?" कोणी उठले नाही. विरोधी गट आक्कांच्या भरवशावर होता. पुढाऱ्याच्या कार्यक्रमाला आपण होऊन आडवे जायची त्यांची तयारी नव्हती. आक्कांनी पुन्हा विचारले, या वेळी एकेकाच्या तोंडाकडे पाहत. त्यांची नजर माझ्यावर आली तेव्हा मी समोरचे कागद सारखे करीत होतो. मग त्या म्हणाल्या, "सर्वानुमते मंजूर." त्यांचा तो खणखणीत आवाज बाहेरच्या पायऱ्यांपर्यंत ऐकू गेला.

सभेनंतर हार आले, पेढे आले. माझ्या हातावर पेढा ठेवताना आक्का म्हणाल्या, "खावा वकील, ग्वाड हाय की." एवढेच म्हणाल्या.

कमान झाली, चाव्या वाटल्या गेल्या, फोटो छापून आले. सदाला कोपऱ्यातले घर मिळाले, खणीकडचे. वसाहतीच्या नळांना पाणी येईना, म्हणून बायका धुणे घेऊन खणीवर जाऊ लागल्या. आक्का तिथे जाऊन ओरडत, बायकांना माघारी लावत. त्यांची पाठ फिरली की बायका पुन्हा जात. त्या तरी काय करणार होत्या? पावसाळ्यात खण भरली. एका दुपारी मंगल धुणे घेऊन गेली, शेवाळलेल्या कडेवरून तिचा पाय सरकला आणि बरोबरच्या बायकांना पदराचे टोकसुद्धा धरता आले नाही. तिचे मूल तेव्हा रांगत होते.

दुसऱ्या दिवशी मी आक्कांच्या ओसरीवर बसलो होतो, तेव्हा सदा आला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरे झाले असते.

"ठराव तुम्ही मंजूर केला न्हवं?"

"व्हय," आक्का म्हणाल्या.

"खुर्चीत तुम्ही हुता."

"व्हय, मीच हुते."

"आमच्या म्हणून निवडून दिलं तुमास्नी." तो ओसरीच्या कडेला थुंकला आणि निघून गेला.

मी तिथेच, हातभर अंतरावर होतो. एका वाक्याचे काम होते. मी आक्कांकडे पाहिले, त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मी स्वतःला समजावले, की दुःखात असलेल्या माणसाशी आत्ता काय बोलायचे, नंतर शांतपणे सांगू. माझ्यासारख्या हळू बोलणाऱ्या माणसांना 'नंतर' हा शब्द फार सोयीचा पडतो.

महिन्याच्या आत भिंत बांधून झाली. तिला निधी कुठून आला, हे कोणी विचारले नाही. पुढच्या निवडणुकीत आक्कांच्या विरोधात एकच गोष्ट घरोघरी सांगितली गेली, की खुर्ची मिळाली आणि बाई फिरली. त्या पडल्या. मी निवडून आलो. प्रचारात त्यांनी स्वतःच्या बाजूने अवाक्षर काढले नाही. सभा असली की त्या प्रेक्षकांच्या बाकावर येऊन बसत आणि एखाद्या नव्या इमारतीचा विषय निघाला की मागून आवाज येई, "मागल्या अंगाला काय हाय, ते बघून आला का कुणी?" नवे सदस्य हसत. एका अध्यक्षांनी तर शिपायाला सांगून त्यांना बाहेर बसवले. त्या बाहेर बसल्या आणि सभा संपेपर्यंत बसूनच राहिल्या.

पुढे काही वर्षांनी त्या आजारी पडल्या. सरकारी दवाखान्यात त्यांना भेटायला गेलो, तेव्हा खाटेवर एवढीशी बाई उरली होती, आवाज मात्र तोच. पलीकडच्या खाटेवरचे नातेवाईक वळून पाहू लागले, इतका मोठा. मी विचारले, "आक्का, तुम्ही कोणालाच का सांगितले नाही? तुम्हाला मुद्दाम बसवले होते, हे?"

"काय सांगू? खुर्चीत बसवली आन् गप झाले, असं? माझ्यामागनं आमची दुसरी एखांदी बसंल तितं. तिला म्हणतील, तुमच्या बायकांचं हे असंच, बसायला पुढं आन् मग रडगाणं." मग त्या म्हणाल्या, "आन् मला ढकलून बसवलं न्हवतं, वकील. बरं वाटलं हुतं मला. आयुष्यात पयल्यांदा समद्यांनी मला बघून टाळ्या वाजवल्या. नियम पाळायचा, आपल्याकडनं चूक व्हायला नगं, एवढंच डोस्क्यात. तुमी नियम मोडला तर त्येला धाडस म्हणत्यात. आमी मोडला की म्हणत्यात, बघा, बसता येतंय का ह्यास्नी."

मी म्हणालो, "तो नियम नव्हता, आक्का. मला माहीत होते. मला माफ करा."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटले, झोप लागली. मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "सदाकडं गेलता का?"

"नाही."

"मग माझ्याकडं कशाला आलाय?"

त्यानंतर त्या घरगुती बोलल्या. कोणाची तरी वाकळ अर्धी राहिली होती, ती कोणाकडे द्यायची ते सांगितले. चार दिवसांनी गेल्या. अंत्ययात्रेला वस्तीतली आणि वसाहतीतली पुष्कळ माणसे होती. नगरपालिकेने शोकप्रस्ताव मंजूर केला; मसुदा मीच लिहिला आणि तो चांगला उतरला होता.

सदाकडे मी गेलो, तो पंधरा दिवसांनी. दार त्यानेच उघडले. केस पांढरे झाले होते. त्याने मला ओळखले नाही. "पावणं, कुणाकडं आलाय?" त्याने विचारले. मी नाव सांगितले, तेव्हा त्याने खुर्ची पुढे केली आणि पाणी दिले. "बोला, पर लौकर बोला. नळाची येळ झालीया."

मी सगळे सांगितले. आक्का त्या ठरावाच्या विरोधात बोलायला आल्या होत्या. त्यांचे तोंड बंद व्हावे म्हणूनच त्यांना खुर्चीत बसवले होते. अनुमोदन मी दिले होते. बोलता येते का, असे त्यांनी मला विचारले होते आणि मी त्यांना काय उत्तर दिले होते. हे सांगताना, खरे लिहायचे तर, माझ्या छातीवरचा भार उतरत होता. शेवटी मी हात जोडले आणि त्याच्या रागाची वाट पाहत राहिलो. त्याने शिव्या द्याव्यात, हाकलून द्यावे, अशी माझी इच्छाच होती.

बाहेर नळाला पाणी आले. बायकांची हाकाहाक, घागरींचे आवाज सुरू झाले. सदा उठला नाही.

"आक्का यायच्या हितं," तो म्हणाला. "मंगल गेल्यापासनं. पोरीला काहीबाही आणायच्या. मी कडी काढली न्हाय कवा. भाईर पायरीवर ठेवून जायच्या, आन् मी ते उचलून खणीत टाकायचो."

दाराजवळची रिकामी घागर त्याने पायाने बाजूला सारली.

"आन् चावी द्या, चावी द्या म्हणून त्यांच्या मागं लागलेला मीच की." त्याने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. माझ्यासाठी तिथे काहीच नव्हते. "वकील, समदी वस्ती गेल्ती. मी त्यांच्या मातीला गेलो न्हाय."